नाकपुड्या बारीक करून घ्याव्यात का?

"ताई, एक विचारू? हसू नका हं."

रविवारची वंदना संपली होती. विहाराच्या पायरीवर चपला घालता घालता एका मुलीने मला बाजूला घेतले. वय तेवीस. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात ती बाइंडिंगचे काम करते. फर्मे जुळवायचे, घड्या घालायच्या, खळ लावायची. दांडेकर पुलाकडून रोज चालत जाते. वाटेत एका दवाखान्याची पाटी लागते, तिच्यावर नाकाचे दोन फोटो आहेत, आधीचे आणि नंतरचे. पाटीचा फोटो तिने मोबाईलमध्ये काढून ठेवला होता.

"माझ्या नाकपुड्या फार पसरट आहेत. बारीक करून घेतल्या तर? बचत गटातून कर्ज मिळेल म्हणते आई."

"पसरट आहेत असं कोण म्हणालं?" मी विचारले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग सांगितले. मागच्या महिन्यात पाहुणे येऊन गेले. मुलगा शिकलेला, नोकरीतला, आपल्याच समाजातला. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, स्वभावाची आहे, पण नाकीडोळी नीटस नाही.

मी काही वर्षे नाक-कान-घशाच्या विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. शस्त्रक्रिया कशी होते हे मला ठाऊक आहे. पण त्या पायरीवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. "करू नकोस" म्हणणे सोपे होते. पण नाक तिचे, कमाई तिची आणि वयाने ती सज्ञान. "कर" म्हणणेही तितकेच सोपे होते. तिला जे नंतर बसून सांगितले, तेच तिच्या परवानगीने, नाव न देता, इथे लिहीत आहे. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, हे मला वस्तीत फिरताना कळले आहे.

पाळण्यापासूनच सुरुवात

आपल्या भाषेत नाकाला फार मान आहे आणि चपट्या नाकाला फार अपमान. चाफेकळी नाक, धारदार नाक, तरतरीत नाक हे कौतुकाचे शब्द. नकटी, बसक्या नाकाची, फेंदारलेल्या नाकाची हे टोमणे. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं" ही म्हण तर आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ. म्हणीत दोष विघ्नांचा नाही, नकटीचा आहे.

त्यामुळे मूल जन्मले की आंघोळ घालणारी मावशी पहिल्या दिवसापासून बाळाचे नाक चिमटीत धरून वर ओढते. "आत्ताच ओढलं की सरळ होतं" असे सांगते. हे खरे नाही. नाकाचा आकार आईबापांकडून येतो आणि चेहऱ्याबरोबर वयात येईपर्यंत वाढत राहतो. तेल लावून दाबल्याने तो बदलत नाही. उलट तान्हे बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाक जोराने दाबणे आणि नाकात तेलाचे थेंब सोडणे धोक्याचे आहे. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. घरात बाळंतीण असेल तर एवढी गोष्ट आजच थांबवा.

नाकाची मोजपट्टी आणि बाबासाहेब

रुंद नाक कमीपणाचे ही समजूत केवळ सौंदर्याची नाही. तिला एका इंग्रज अधिकाऱ्याने शास्त्राचा शिक्का मारला होता, हे आपल्या घरांतून माहीत असायला हवे.

हर्बर्ट रिस्ले हा ब्रिटिश सरकारचा मोठा अधिकारी. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता. त्याआधी बंगालमध्ये त्याने निरनिराळ्या जातींच्या लोकांची नाके मोजली होती. नाकाच्या रुंदीला शंभराने गुणायचे आणि लांबीने भागायचे, म्हणजे 'नासिका निर्देशांक' येतो. सत्तरच्या खाली आला तर नाक अरुंद, पंचाऐंशीच्या वर गेला तर रुंद. रिस्लेने १८९१ मध्ये असे मांडले की जात जितकी वरची तितके नाक अरुंद आणि जात जितकी खालची तितके नाक रुंद. म्हणजे उच्चनीचता चेहऱ्यावरच लिहिलेली आहे, कारण वरचे एका वंशाचे आणि खालचे दुसऱ्या, असा त्याचा दावा.

मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात प्रांताप्रांतांची मापे शेजारी ठेवून हा दावा सगळीकडे टिकत नाही हे दाखवले. पुढे १९४८ मध्ये बाबासाहेबांचा अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलेला हा ग्रंथ. त्यात अस्पृश्यता वंशभेदातून आली का, या प्रश्नाला एक स्वतंत्र प्रकरण आहे. बाबासाहेबांनी घुर्ये यांनी जमवलेली नाकाची तीच मापे घेतली, तक्ते मांडले आणि निष्कर्ष काढला की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड. ज्या मोजपट्टीने आपल्याला खालचे ठरवले होते, तीच मोजपट्टी हातात घेऊन त्यांनी तो दावा मोडला.

हा निकाल लागून पाऊणशे वर्षे होऊन गेली. तरी आपल्याच समाजातला पाहुणा आपल्याच मुलीचे नाक मोजून जातो. रिस्लेची पट्टी आपण घरात जपून ठेवली आहे का, हा प्रश्न मुलीला विचारण्याआधी आपण स्वतःला विचारावा.

जगात इतरांनीही हे भोगले आहे. जर्मनीत बर्लिनमध्ये जाक जोसेफ नावाचे ज्यू डॉक्टर होते. केवळ रूप बदलण्यासाठी नाकाची शस्त्रक्रिया त्यांनी १८९८ मध्ये केली आणि त्या विद्येचा पाया घातला. नाकावरून ओळखू येऊ नये म्हणून अनेक ज्यू माणसे त्यांच्याकडे येत. पुढे १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले तेव्हा माणसाचा छळ करायचा की नाही हे त्याच्या नाकावरून ठरले नाही, आजा-आजी कोण होते या कागदावरून ठरले. ज्याला तुच्छ लेखायचे आहे, तो नाक सरळ झाले म्हणून थांबत नाही.

पुण्याजवळचा तो कारागीर

नाकाच्या शस्त्रक्रियेच्या जगाच्या इतिहासात पुण्याचे नाव आहे. आणि ते एका कष्टकरी जातीच्या माणसामुळे आहे.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज आणि टिपू सुलतान यांचे युद्ध झाले. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या सैन्याने त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस विटा तयार करणाऱ्या जातीचा होता. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकीकत चित्रासह छापून आली.

त्या पत्रात कृती सविस्तर दिली आहे. मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधला एक पट्टा तसाच ठेवायचा, म्हणजे रक्त पोहोचत राहते. मग ती कातडी पीळ देऊन खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. वर काताचा लेप लावलेल्या पट्ट्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. पंचविसाव्या दिवशी मधला पट्टा कापून मोकळा करायचा. आणि दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालून ठेवायचे. कशासाठी? नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून.

हे वाचून लंडनचे डॉक्टर जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ती शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तिथून ती युरोपभर पसरली. कपाळाच्या कातडीने नाक बांधण्याची ही पद्धत कर्करोगात किंवा अपघातात नाक गेलेल्यांसाठी आजही वापरतात. त्या पत्रात शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत. करणाऱ्या कारागिराचे नाव नाही, फक्त जात आहे.

तो काळ पेशवाईचा. ज्या पुण्यात आपल्या माणसांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे, त्याच पुण्याच्या परिसरात मातीत राबणाऱ्या जातीचा एक माणूस जगातल्या सर्जनांना धडा देत होता. त्या धड्यातली एक गोष्ट आजच्या प्रश्नाला थेट लागू आहे. नाक दिसायला कसेही होवो, श्वास मोकळा राहिला पाहिजे, ही काळजी त्याने आधी घेतली.

नाकपुडी रुंद का असते?

नाक हे फुप्फुसाचे दार आहे. बाहेरची हवा आत जाताना नाक ती गाळते, कोमट करते आणि ओलसर करते. थंड, कोरड्या प्रदेशात हवा अरुंद वाटेने गेली तर ती चांगली गरम आणि ओली होते. उष्ण, दमट प्रदेशात त्याची तेवढी गरज नसते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी निरनिराळ्या खंडांतून वंशमूळ असलेल्या लोकांची नाके मोजली. नाकपुड्यांच्या रुंदीचा संबंध पूर्वजांच्या प्रदेशातल्या तापमानाशी आणि हवेतल्या ओलाव्याशी आहे, असे त्यांना आढळले. आपल्या नाकपुड्या हा आजार नाही. त्यांवर 'उपचार' होत नाही, केला तर बदल होतो. हा फरक डॉक्टरसमोर बसताना लक्षात ठेवा.

शस्त्रक्रियेत काय करतात?

नाकपुडीची बाहेरची पाकळी जिथे गालाला मिळते, तिथल्या खाचेतून पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा कापून काढतात आणि कडा शिवतात. काही वेळा नाकपुडीच्या तळातूनही थोडा भाग काढतात. सगळा हिशोब मिलिमीटरचा असतो. न्यूयॉर्कचे सर्जन रॉबर्ट वेअर यांनी १८९२ मध्ये ही पद्धत मांडली. फक्त एवढेच करायचे असेल तर बहुधा जागा बधिर करून तासाभरात होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. टाके साधारण पाच ते सात दिवसांनी काढतात. सूज काही आठवडे राहते. व्रण फिका पडायला सहा महिने ते वर्ष लागते.

या शस्त्रक्रियेने नाक उंच किंवा टोकदार होत नाही, फक्त नाकपुड्यांची रुंदी कमी होते. नाकाचे हाड किंवा शेंडा बदलायचा असेल तर ती वेगळी आणि मोठी शस्त्रक्रिया आहे. पाटीवरच्या फोटोत दोन्ही एकत्र केलेले असू शकते.

धोके कोणते?

पहिला धोका व्रणाचा. सावळ्या आणि काळ्या कातडीवर व्रण फुगण्याची, त्याची गाठ होण्याची शक्यता जास्त असते. कान टोचले तिथे गोळा आला होता का? चमकी घातली तिथे गाठ झाली होती का? दंडावरची बीसीजी लसीची खूण जाड आणि उंच झाली आहे का? यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना सांगा. रुंद नाकपुडी लपत नाही म्हणून शस्त्रक्रिया करायची आणि तिच्या जागी न लपणारी गाठ घेऊन यायची, असे होऊ नये.

दुसरा धोका, दोन नाकपुड्या कमीजास्त होण्याचा.

तिसरा आणि सर्वांत मोठा धोका श्वासाचा. जास्त कापले गेले किंवा आतल्या बाजूने व्रण आकसला, तर नाकपुडी घट्ट होते आणि श्वास अडतो. काढलेली कातडी परत बसवता येत नाही. कमी कापले असेल तर पुन्हा कापता येईल, पण जास्त कापले तर दुरुस्ती फार अवघड असते.

चौथा, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव. हे बहुधा आटोक्यात येतात, पण वेळेवर दाखवले तरच. शस्त्रक्रियेनंतर पंधरा मिनिटे दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, पू दिसला, कातडी काळीनिळी पडली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

सुई, क्लिप आणि मलम

शस्त्रक्रिया महाग म्हणून मुली दुसरे मार्ग शोधतात. नाकाला लावायची प्लास्टिकची क्लिप मिळते. तिने कातडी दुखते, चट्टे पडतात, नाकपुडी बारीक होत नाही. नाक बारीक करणारे मलम असे काही नसते.

सुईने नाकात भरायचे फिलर हे मात्र खरोखर धोक्याचे आहे. काही ब्युटी पार्लरमध्येही ते टोचतात असे ऐकू येते. फिलरने नाकपुडी बारीक होत नाही, नाकाचा वरचा भाग उंच करून ती बारीक भासवली जाते. नाकाच्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध असतो. फिलर रक्तवाहिनीत गेले तर कातडी मरते आणि दृष्टी कायमची गेल्याच्या नोंदी जगभर आहेत. टोचल्यावर तीव्र दुखले, कातडी पांढरी किंवा निळसर झाली, दिसायला अंधुक झाले, तर तो मिनिटांचा प्रश्न असतो. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी जाऊन हे कधीही करून घेऊ नका.

निर्णयाआधी घरी करायच्या गोष्टी

मोबाईलवर विश्वास ठेवू नका. सेल्फीत कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो आणि जी गोष्ट जवळ ती मोठी दिसते. चेहऱ्यात सर्वांत पुढे नाक. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणिताने दाखवले की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसते. पाच फुटांवरून दुसऱ्याला फोटो काढायला सांगा. लोक आपल्याला तसेच पाहतात.

श्वास तपासा. एक नाकपुडी हलकेच बंद करून दुसरीने श्वास घ्या, मग बदला. एक बाजू सतत बंद वाटते का? रात्री तोंड उघडे टाकून झोपता का, घोरता का, सकाळी शिंकांवर शिंका येतात का? तसे असेल तर आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आत पडदा वाकडा असेल, ॲलर्जीची सूज असेल आणि बाहेरून नाकपुडी बारीक केली, तर आधीच अर्धवट बंद असलेले दार आणखी ओढून घेतल्यासारखे होते.

रक्त तपासा. हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब तर हवेच. ज्यांचे मूळ गाव विदर्भात आहे त्यांनी सिकलसेलची तपासणी जरूर करावी. आपल्या समाजात तिथे हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेल असेल तर कोणत्याही शस्त्रक्रियेत आणि भूल देताना वेगळी काळजी घ्यावी लागते. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगायचे.

मिश्री, गुटखा, तंबाखू, सिगारेट थांबवा. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम नीट भरत नाही. निदान महिनाभर आधी आणि जखम भरेपर्यंत नंतर तंबाखू पूर्ण बंद हवी. "मी फक्त दात घासायला मिश्री लावते" हेसुद्धा यात आले.

वय पाहा. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी हा विषय काढूच नका. चेहरा वाढत असतो आणि मनही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

आपल्याला डॉक्टरांपुढे बोलायला संकोच वाटतो. म्हणून हे प्रश्न कागदावर लिहून न्या, सोबत कुणाला तरी घ्या.

१. तुमचे शिक्षण कोणते? प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी, किंवा नाक-कान-घशाची एम.एस. असून नाकाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव आहे का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय?

२. माझ्यासारख्या कातडीच्या आणि माझ्यासारख्या नाकाच्या रुग्णांचे वर्षभरानंतरचे फोटो दाखवता का?

३. किती मिलिमीटर काढणार? श्वासावर परिणाम होणार नाही हे कसे तपासले?

४. व्रण फुगला किंवा नाकपुड्या कमीजास्त झाल्या तर दुरुस्ती कोण करणार, आणि तिचा खर्च कोणाचा?

५. माझ्या जागी तुमची बहीण असती तर काय सांगितले असते?

पहिल्याच भेटीत आगाऊ रक्कम मागणाऱ्या, "आज भरले तर सवलत" म्हणणाऱ्या आणि "शंभर टक्के खात्री" देणाऱ्या ठिकाणाहून उठून या. संमतीपत्र मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. पावती मागाच. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे. आपल्या उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असतात. हा आपला हक्क आहे.

पैशाचा हिशोब

केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. सगळा बोजा आपल्या खिशावर. सर्जन, भूल देणारे डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, तपासण्या, औषधे, नंतरच्या भेटी असा एकूण आकडा लेखी मागा. त्यात बुडणारी मजुरी मिळवा. टाके निघेपर्यंत धूळ आणि धुराचे काम नाही, दोन आठवडे पाण्याच्या जड कळशा नाहीत, जोराने नाक शिंकरणे नाही. धुणीभांडी करणाऱ्या किंवा रोजंदारीच्या बाईला एवढी सुटी पगारी मिळत नाही.

बचत गटाचे कर्ज यासाठी काढावे का? गटाचा पैसा शिलाई मशीनसाठी, फीसाठी, आजारपणासाठी असतो. नाक बारीक झाले तरी हप्ता राहतोच. ज्याला हे करायचेच आहे त्याने वर्षभर स्वतःच्या कमाईतून बाजूला टाकावे. वर्षानंतरही इच्छा तेवढीच असेल, तर निर्णय निदान घाईचा ठरणार नाही.

ज्यांना खरोखर गरज आहे

फाटलेल्या ओठामुळे एका बाजूला ओढले गेलेले नाक, अपघातात किंवा भाजल्याने बिघडलेले नाक, वाकड्या पडद्यामुळे बंद राहणारे नाक, या सगळ्या वेगळ्या गोष्टी आहेत. इथे शस्त्रक्रिया हा उपचार आहे आणि लाजून घरी बसू नये. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयात नाक-कान-घसा विभाग आहे, तिथे आधी दाखवा. फाटलेला ओठ आणि टाळूच्या शस्त्रक्रिया 'स्माइल ट्रेन' या संस्थेच्या मदतीने अनेक रुग्णालयांत मोफत होतात.

आणखी एक गट आहे, ज्याला गरज शस्त्रक्रियेची नसते. दिवसातून तासन्‌तास आरशात नाक पाहणे, हाताने नाक झाकून बोलणे, लग्नसमारंभ टाळणे, कॉलेज सोडणे, इतरांना न दिसणारा दोष स्वतःला सतत दिसणे. हा मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाचे नाक कापून समाधान होत नाही. नाक झाले की लक्ष हनुवटीकडे जाते. 'टेली मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत बोलता येते, मराठीतही.

त्या मुलीचे काय झाले?

आम्ही दोघी एका सरकारी रुग्णालयात गेलो. कागदाच्या धुळीने तिला सतत शिंका येत होत्या, नाक आतून सुजलेले होते. डॉक्टरांनी फवारा दिला, कामावर मास्क लावायला सांगितले आणि म्हणाले, हे बरे झाल्याशिवाय बाहेरून कशालाही हात लावायचा नाही. तिला आता रात्री तोंड मिटून झोप लागते. शस्त्रक्रियेचा विचार तिने सोडलेला नाही. वर्षभर थांबते म्हणाली, आणि मला ते पटले. करायची झाली तर मी सोबत जाईन असे सांगितले आहे.

तिच्या आईने मात्र एक काम केले. आमच्याकडे वधू-वर परिचय मेळाव्याचा अर्ज भरायचा होता. त्यात 'वर्ण' आणि 'बांधा' असे रकाने होते. आईने दोन्हींवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले : मुलगी बारावी पास, स्वतः कमावते, बाइंडिंगचे काम येते. पुढच्या मेळाव्याच्या अर्जातून हे रकानेच काढून टाकावेत, असे महिला मंडळाने समितीला कळवले आहे. आपल्या वस्तीतही हे करता येईल. त्याला डॉक्टर लागत नाही.